अडुळशावर खरंच संशोधन झालंय का? आईचा सीओपीडी, पंप आणि कनकासव

समुद्रकाठ
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय कारण अर्धवट लिहिलं की उत्तरंही अर्धवट येतात. आई गुहागरजवळच्या गावात असते, वय ६८, आयुष्यात बिडी-सिगरेट काही नाही, पण लग्न होऊन आली तेव्हापासून चुलीवरचा स्वयंपाक. पावसाळ्यात ओली लाकडं, फुंकणीने फुंकून फुंकून पेटवायची, धुराने डोळे लाल. गॅस आला तरी भात नि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. गेले काही हिवाळे खोकला हटतच नव्हता आणि देवळाची चढण चढताना मध्ये बसायला लागायचं, म्हणून चिपळूणला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नळीत जोरात फुंकायची टेस्ट केली आणि सीओपीडी सांगितला, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार. टायोट्रोपियमची कॅप्सूल घालून ओढायचा पंप रोज एकदा, रात्री श्वासनळ्या सैल करणारी थिओफायलिनची गोळी. बीपीची गोळी आधीपासून चालू आहे, तिच्यात लघवी वाढवणारं औषध पण आहे असं मेडिकलवाला म्हणाला.

आता झालंय असं की मामांनी मायेपोटी अडुळशाचं सायरप, कनकासवची मोठी बाटली, सितोपलादि आणि ज्येष्ठमधाच्या काड्या असं सगळं पाठवलंय आणि सोबत फोनवर तो फिरणारा मेसेज, की पंप म्हणजे केमिकल, त्याची सवय लागते, अडुळसा नैसर्गिक आहे आणि शास्त्रज्ञांनी तो फुप्फुसांसाठी सिद्ध केलाय. आईने पंप कपाटात ठेवून दिला. मला कळेना तिला काय सांगू. परसात अडुळसा आहेच आमच्या, लहानपणी आम्हीपण त्याचा रस प्यायलोय, त्यामुळे "ते खोटं आहे" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर विचारायचं हे की अडुळशावर खरोखर काही संशोधन झालंय का की नुसतंच म्हणतात? आणि हे सगळं पंपासोबत चालतं का? कृपया नुसतं "डॉक्टरांना विचारा" म्हणू नका, विचारणारच आहे, पण पुढची तारीख लांब आहे आणि मला आधी स्वतःला समजून घ्यायचंय.

पानाफुलांची_केमिस्ट्री
ताई, मी फार्मकॉग्नसी शिकवतो, म्हणजे वनस्पतींतली औषधी द्रव्यं हाच विषय, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. संशोधन झालंय, भरपूर झालंय, आणि त्यातला सगळ्यात मोठा निकाल तुमच्या घरात आधीच येऊन गेला असणार, फक्त कोणी तुम्हाला सांगितलं नाही.

अडुळशाच्या पानात जो कडूपणा असतो ना, त्यातला मुख्य अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं औषधी गुणाचं द्रव्य, तो व्हॅसिसिन. १८८८ साली डेव्हिड हूपर नावाच्या रसायनतज्ज्ञाने तो वेगळा काढला, हा माणूस उटीला सरकारी नोकरीत होता, सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन तपासायचं काम. पुढे व्हॅसिसिनचा सांगाडा समोर ठेवून जर्मनीत रसायनशास्त्रज्ञांनी त्यात बदल करत करत ब्रोमहेक्सिन तयार केलं, ते १९६३ मध्ये बाजारात आलं. ब्रोमहेक्सिन पोटात गेल्यावर शरीरात त्याचं जे रूप होतं त्यातलंच एक म्हणजे अँब्रॉक्सॉल, ते नंतर स्वतंत्र औषध म्हणून आलं. आज तुम्ही कुठल्याही मेडिकलमध्ये जाऊन "कफ सुटायचं औषध द्या" म्हटलं तर जी बाटली हातात पडते तिच्यात बऱ्याचदा या दोघांपैकी एक असतं. कफाचा जो चिकट तंतूंचा गुंता असतो तो ही औषधं सैल करतात आणि पातळ स्राव वाढवतात, म्हणून खोकल्यावर तो वर येतो. म्हणजे आजी पानं देऊन जे करत होती त्याच कामाची, पण मोजलेल्या मात्रेची गोळी. ब्रोमहेक्सिन ८ मिलिग्रॅम, अँब्रॉक्सॉल ३० मिलिग्रॅम, प्रत्येक गोळीत तेवढंच.

आता मेसेजमधलं "सिद्ध झालंय" याबद्दल. व्हॅसिसिन हवेत राहिलं की त्याचं व्हॅसिसिनोन होतं. या व्हॅसिसिनोनने श्वासनळ्या रुंदावतात असा पेपर अमीन आणि मेहता या आपल्याकडच्या दोघांनी १९५९ मध्ये नेचर या नावाजलेल्या विज्ञान नियतकालिकात छापला होता, ही मला फार अभिमानाची गोष्ट वाटते. पण ते काम प्राण्यांच्या श्वासनळीच्या तुकड्यावरचं. नंतरच्या प्रयोगांचे निकाल सगळे एकसारखे आले नाहीत, दोन्ही अल्कलॉइड एकत्र दिले तर वेगळं, एकेक दिलं तर वेगळं. अगदी अलीकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेच्या गटाने अडुळशाच्या पाण्यातल्या अर्कावर चांगलं काम केलंय, ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशींमध्ये जी गडबड सुरू होते ती उंदरांत या अर्काने कमी झाली, २०२१ चा पेपर आहे. वाचायला सुंदर आहे. पण उंदीर. तुमच्या आईसारख्या चुलीच्या धुराने सीओपीडी झालेल्या बायकांना वर्षभर अडुळसा देऊन दम किती कमी झाला, दवाखान्यात भरती किती टळली, हे मोजणारा मोठा अभ्यास मला दाखवा असं कोणी म्हटलं तर मी हात वर करीन. तिथे अडुळशाची बाजू लंगडी पडते आणि पंपाची भक्कम आहे. टायोट्रोपियमवर जवळजवळ ६००० रुग्ण घेऊन ४ वर्षं चाललेला अभ्यास २००८ मध्ये छापून आलाय, दम वाढण्याचे झटके कमी झाले, रोजचं जगणं सुधारलं. फुप्फुसांची झीज होण्याचा वेग मात्र त्याने थांबला नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. पुरावा म्हणतात तो असा असतो, जे झालं नाही तेसुद्धा सांगतो.

आणि एक, "केमिकल विरुद्ध नैसर्गिक" या भांडणाबद्दल. टायोट्रोपियम आणि त्याच्या आधीचं इप्राट्रोपियम, दोघांचं मूळ धोतऱ्यात आहे! धोतऱ्यात आणि बेलाडोनात अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन असतं, त्याने श्वासनळ्या सैल होतात. आपल्याकडे दम्याला धोतऱ्याची धुरी घ्यायचे, तीच पद्धत १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला गेली आणि तिकडे पुढे दम्याच्या सिगरेटी म्हणून विकल्या गेल्या, विसाव्या शतकातही बराच काळ. पण अ‍ॅट्रोपिन रक्तात जातं, मेंदूत जातं, माणूस बरळायला लागतो, काळजाची धडधड, डोळ्यांपुढे धूसर. मग रेणूमध्ये नायट्रोजनच्या जागी असा बदल केला की त्याच्यावर कायमचा विद्युतभार राहील आणि तो पडदे ओलांडून मेंदूत सहज शिरणार नाही, श्वासनळीत ओढला की बहुतेक काम तिथेच करेल. मात्रा किती, तर १८ मायक्रोग्रॅम. डोळ्याला नीट दिसणारही नाही इतकं. तुमच्या आईला हे जरूर सांगा, की तुझ्या हातातला पंप धोतऱ्याच्याच घराण्यातला आहे.

गोदाकाठ
वरच्या प्रतिसादाशी थोडा असहमत. परदेशी कंपन्यांनी आपल्या अडुळशावरून औषध काढलं, पैसे कमावले आणि आता आपल्यालाच सांगतात की मूळ झाडाला पुरावा नाही. पुरावा नाही कारण त्यावर कोणी पैसे घालत नाही, झाडाचं पेटंट मिळत नाही ना. आमच्या घरात चार पिढ्या खोकल्याला अडुळसाच आहे आणि सगळे ठणठणीत आहेत.

पानाफुलांची_केमिस्ट्री
गोदाकाठ दादा, पैशाचा मुद्दा अगदी बरोबर आहे, त्यात मी तुमच्याच बाजूने आहे, विद्यार्थी घेऊन असा अभ्यास करायचा म्हटलं तर निधी मिळवताना नाकीनऊ येतात. पण आपल्याकडे काहीच होत नाही असं मात्र नाही. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने काळी मिरी आणि पिंपळीतल्या पिपरीनवर कित्येक वर्षं काम केलं, पिपरीन सोबत असलं की काही औषधं रक्तात जास्त चढतात हे दाखवलं आणि त्यातून टीबीची एक गोळी तयार झाली, रिफॅम्पिसिन ४५० च्या ऐवजी २०० मिलिग्रॅम, सोबत १० मिलिग्रॅम पिपरीन. २००९ मध्ये भारतात तिला परवानगी मिळाली. सुंठ-मिरी-पिंपळीच्या त्रिकटूमागचा विचार घेऊन, मोजून मापून, माणसांवर तपासून. हा रस्ता लांबचा आहे पण आपल्या लोकांनी चालून दाखवलाय.

साधा सर्दीचा खोकला तर आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरा होतो, त्यामुळे चार पिढ्या बऱ्या झाल्या यातून अडुळशाने किती केलं हे कळायला मार्ग नाही. इथे प्रश्न सीओपीडीचा आहे, जो आपोआप बरा होत नाही.

द्रव्यगुण
मी वैद्य आहे, द्रव्यगुणात म्हणजे औषधी द्रव्यांच्या आयुर्वेदिक शास्त्रात एमडी, साताऱ्याकडे प्रॅक्टिस करतो. समुद्रकाठ ताई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी कनकासवची बाटली बाजूला ठेवा.

कनक म्हणजे धोतरा. कनकासवात धोतऱ्याचं मूळ, पान, फळ असं पंचांग असतं, सोबत अडुळसा, ज्येष्ठमध, पिंपळी, रिंगणी, भारंगमूळ, सुंठ, द्राक्षं, मध वगैरे. दम्यावरचं जुनं आणि चांगलं औषध आहे, मी स्वतः वापरतो, पण रुग्ण तपासून, थोडी मात्रा, थोडे दिवस. कायद्यात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची जी यादी आहे तिच्यात धोतरा आहे आणि अशा औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असं छापलेलं असतं, बाटली हातात घेऊन बघा, बारीक अक्षरात सापडेल. तुमच्या आईला टायोट्रोपियम चालू आहे, ते त्याच पद्धतीने काम करतं, वरच्या सरांनी सांगितलंच. त्यावर रोज दोन-दोन चमचे कनकासव म्हणजे एकाच कामाची दोन औषधं एकावर एक. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, धडधड, नजर धूसर, आणि या वयात रात्री उठून असंबद्ध बोलणं असाही प्रकार होतो, घरचे घाबरतात, कोणाला बाटलीचा संशयही येत नाही. त्यांना काचबिंदू आहे का? असेल तर अजिबातच नको, डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं. पुरुष असते तर प्रोस्टेटचं विचारलं असतं, लघवी तुंबून रात्री दवाखाना गाठावा लागतो.

दुसरं ज्येष्ठमध. घसा खवखवतोय म्हणून एखादी काडी चघळली तर काही होत नाही. पण मामांनी जुडीच पाठवलीय म्हणजे आई दिवसभर चघळत बसणार. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडतं आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवायला लागतं, पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं. तुमच्या आईला आधीच बीपी, त्यात लघवीच्या औषधाने पोटॅशियम कमी होण्याची शक्यता, दम लागला की सॅल्ब्युटामॉलचा पंप देतात त्यानेही पोटॅशियम खाली जातं. तिन्ही एका बाजूला ओढणार. पायात गोळे येणं, गळून गेल्यासारखं वाटणं, हृदयाचे ठोके चुकणं ही लक्षणं.

तिसरं सितोपलादि. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १, हा पाठ. तसं सौम्य. पण पिंपळी आली की पिपरीन आलं. आणि त्यांना थिओफायलिन चालू आहे.

आयुर्वेद करू नका असं मी म्हणत नाहीये, माझं पोट त्यावर आहे आणि माझा विश्वासही आहे. पण दुरून कुरियरने, नाडी न बघता, चालू औषधांची यादी न विचारता पाठवलेलं औषध म्हणजे आयुर्वेद नाही.

पानाफुलांची_केमिस्ट्री
वैद्यबुवांच्या थिओफायलिनच्या मुद्द्याला जोड देतो. याच जम्मूच्या लोकांनी निरोगी माणसांना रोज २० मिलिग्रॅम पिपरीन देऊन बघितलं होतं, १९९१ चा अभ्यास, थिओफायलिनची रक्तातली पातळी वाढली होती. थिओफायलिन हे असं औषध आहे की उपयोगी मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांत फार अंतर नाही, रक्तात १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हा नेहमीचा पट्टा, त्याच्या वर गेलं की मळमळ, हात थरथरणं, धडधड, फारच वर गेलं तर फिट. जेवणातल्या मिऱ्याने काही होत नाही, आमटीत दोन मिरे पडले म्हणून घाबरू नका. पण सितोपलादि दिवसातून तीनदा, वर कनकासवातली पिंपळी, असं करू नका. आणि आई दिवसातून किती वेळा चहा घेते तेही डॉक्टरांना सांगा, कॅफीन आणि थिओफायलिन सख्खी भावंडं आहेत, थिओफायलिन पहिल्यांदा सापडलं तेच मुळी चहाच्या पानांत, १८८८ मध्येच, जर्मनीत.

पागोळी
आमच्याकडे दापोलीला अडुळशाचं कुंपणच आहे, शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून. आजीची पद्धत लिहिते, कोणाला उपयोग होईल. पिकलेली जाड पानं घ्यायची, ती नुसती कुटली तर रस निघतच नाही, हात दुखून येतात, म्हणून तव्यावर कोमट करायची किंवा केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात ठेवायची, मऊ पडली की फडक्यात घालून पिळायची, मग काळपट हिरवा रस सुटतो. चमचाभर रस नि मध. कडूजहर लागतं पण रात्री खोकला कमी यायचा, निदान आम्हाला तसं वाटायचं. वहिनी आता गरोदर आहे आणि तिला कोरडा खोकला झालाय, तिला दिला तर चालेल ना?

द्रव्यगुण
पागोळी ताई, नको, थांबा. गरोदरपणात अडुळसा द्यायचा नाही, रस नाही, काढा नाही आणि दुकानातलं अडुळशाचं सायरपही नाही. व्हॅसिसिनने गर्भाशयाचं आकुंचन होतं, प्राण्यांवर याचं बरंच काम झालंय, जम्मूलाच झालंय. तिला कोमट पाणी, मध, मिठाच्या गुळण्या एवढंच, आणि तिच्या डॉक्टरांना दाखवा. आजीची पद्धत मात्र अगदी शास्त्रशुद्ध सांगितलीत, पुटपाक म्हणतात तो हाच.

हां, आणि मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका कोणी, आपल्याकडे सर्रास चाटवतात.

पागोळी
बरं झालं विचारलं, आत्ताच वहिनीला फोन केला. आभारी आहे.

श्वासमात्रा
मी नाशिकला छातीच्या ओपीडीत काम करते, पंप कसा घ्यायचा हे शिकवणं हेच माझं दिवसभराचं काम. समुद्रकाठ ताई, आई पंप सोडते त्याचं कारण खूपदा मेसेज नसतो, पंपाने फरक पडत नाही हे असतं, आणि फरक पडत नाही कारण औषध आत गेलेलंच नसतं. आमच्याकडे येणाऱ्या आज्या काय काय करतात सांगते. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात. किंवा यंत्रात घालतात पण ओढायच्या ऐवजी फुंकतात, कारण टेस्टला फुंकायला सांगितलं होतं ना, आणि चूल फुंकायची आयुष्यभराची सवय. किंवा हळू ओढतात. त्यामुळे तुम्ही गावी जाल तेव्हा नुसतं "घेतलास का" विचारू नका, समोर बसून घ्यायला लावा. आधी पूर्ण श्वास बाहेर सोडायचा, पण यंत्राच्या बाहेर, आत फुंकलं की पावडर ओली होते. मग ओठ घट्ट लावून जोरात आणि खोल ओढायचं, कॅप्सूल यंत्रानुसार खडखडते किंवा फिरते तो आवाज यायला हवा. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा, जमेल तेवढा. नंतर यंत्र उघडून कॅप्सूल बघायची, पावडर उरली असेल तर परत एकदा ओढायचं. हाताला लागलेली पावडर डोळ्याला लावायची नाही, बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं, धोतऱ्याचाच गुण. नीट ओढण्याइतका जोरच नसेल तर डॉक्टरांना सांगून गॅसवाला पंप आणि स्पेसर घ्या, स्पेसर म्हणजे तो प्लास्टिकचा फुगा, त्यातून निवांत श्वास घेता येतो.

सवय लागते म्हणतात त्याबद्दल आईला असं सांगा की चष्म्याची जशी सवय लागते तशी. सोडला की त्रास परत येतो, कारण आजार आहेच.

आणि चूल. ताई, मला याबद्दल बोलताना नेहमी गलबलून येतं कारण ओपीडीत निम्म्या बायका अशाच असतात, आयुष्यात एक सिगरेट नाही, आणि घरचे म्हणतात "हिला काय होणार, ही तर घरातच असते". पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की जगात सिगरेट ओढणारे सुमारे १०० कोटी, पण लाकूड, गोवऱ्या, काटक्यांचा धूर सोसणारे सुमारे ३०० कोटी. आईचा पंप नीट झाला, अडुळसा झाला, सगळं झालं आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच तापत राहिलं तर काय उपयोग. बंब बाहेर अंगणात न्या, नाहीतर हीटर बसवा, आणि चूल दुसऱ्या कोणीतरी पेटवा. फुंकणी तिच्या हातात नको.

गोदाकाठ
श्वासमात्रा ताई, हे छान लिहिलंत. मग वाफेचं काय? निलगिरीचं तेल टाकून वाफ आम्ही घेतो. तेही झाडच ना, त्याला तरी पुरावा आहे का?

पानाफुलांची_केमिस्ट्री
आहे, आणि चांगला आहे! निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य सिनिओल. जर्मनीत सीओपीडीच्या २४२ रुग्णांवर हिवाळ्यात ६ महिने अभ्यास झाला, नेहमीच्या पंपासोबत निम्म्यांना सिनिओल २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल, कोणाला काय दिलंय ते डॉक्टरलाही माहीत नाही. सिनिओलवाल्यांना दम वाढण्याचे झटके कमी आले. २००९ चा अभ्यास. यात दोन गोष्टी नीट बघा, एक म्हणजे ते पंपाच्या जागी नव्हतं, पंपासोबत होतं. आणि ते शुद्ध द्रव्य मोजून, आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून होतं, वाफेतून नव्हे. त्यामुळे बाटलीतलं निलगिरीचं तेल कोणी चमच्याने पिऊ नका, थोडं तेलसुद्धा विषारी ठरतं, लहान मुलांना फिट येऊ शकते.

अडुळशावरही अगदी असाच अभ्यास व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे चुलीच्या धुराच्या सीओपीडीचे रुग्ण आहेत, अडुळसा आहे, वैद्य आहेत, स्पायरोमेट्री म्हणजे ती नळीत फुंकायची टेस्ट आहे. अडचण पैशाइतकीच मालाचीही आहे. ऋतूप्रमाणे, जागेप्रमाणे पानातलं व्हॅसिसिन कमीजास्त होतं, वाळवताना बदलतं, बाजारात अडुळशाच्या वाळक्या पानांत महारुखाची पानं मिसळलेली मिळतात. एका बाटलीत एक आणि दुसऱ्या बाटलीत भलतंच असेल तर अभ्यास कशाचा करायचा? त्यामुळे आधी प्रत्येक खेपेत व्हॅसिसिन किती हे मोजलेला अर्क हवा. माझ्या हाताखालचे विद्यार्थी सध्या हेच करतात, वेगवेगळ्या जिल्ह्यांतली पानं आणून.

आणि सायरपबद्दल एक सांगायचं राहिलं. बाटलीवर अडुळसा लिहिलंय म्हणजे आत फक्त अडुळसा असतो असं नाही. साखर असते, मधुमेहींनी बघावं. काहींत ब्रोमहेक्सिन, श्वासनळ्या रुंदावणारं टर्ब्युटलिन पण असतं आणि आधीच तसलीच गोळी चालू असेल तर दुप्पट होतं. शिवाय सायरप पातळ ठेवायला जो द्रव वापरतात त्याची तपासणी महत्त्वाची. मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये १९८६ मध्ये १४ जण गेले ते ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं होतं म्हणून, आणि २०२५ मध्ये छिंदवाड्याला लहान मुलं गेली तीही सायरपमध्ये तेच सापडलं. त्यामुळे झाडाचं असो की कारखान्याचं, खुल्या, बिननावाच्या, बिनपावतीच्या बाटल्या घेऊ नका.

समुद्रकाठ
सगळ्यांचे खूप खूप आभार, डोळे भरून आले वाचताना. काल रात्री व्हिडिओ कॉल करून आईला पंप घ्यायला लावला आणि श्वासमात्रा ताई, तुम्ही म्हणालात तेच, ती आत फुंकत होती! दोनदा समजावल्यावर खडखड आवाज आला. धोतऱ्याचं सांगितलं तर म्हणाली "मग आधी सांगायचंत की, धोतऱ्याची पानं आमचे आजोबा चिलमीत घालायचे." कनकासव नि ज्येष्ठमध बाजूला ठेवलंय. काचबिंदूचं माहीत नाही, डोळे कधी तपासलेलेच नाहीत, ते आता करू. मामांना फोन केला, ते आधी जरा गप्प झाले, मी म्हटलं मामा तुम्ही दिलेल्यातलं काही खोटं नाही, पण आईच्या गोळ्यांशी जुळत नाही. मग त्यांनीच विचारलं की अडुळशाचा रस तरी देऊ का नको.

तोच माझाही शेवटचा प्रश्न. परसातल्या पानांचा चमचाभर रस, पंप चालू ठेवून, चालेल?

द्रव्यगुण
कफ घट्ट असेल, सुटत नसेल तेव्हा चार-पाच दिवस, सकाळी एक चमचा, मधाबरोबर, जेवणानंतर. माझी हरकत नाही. जुलाब किंवा मळमळ झाली तर बंद. कफात रक्त दिसलं, ताप आला, पाय सुजले किंवा बसल्या जागी दम लागला तर रस वगैरे काही नको, सरळ दवाखाना. पानं तोडायच्या आधी ते झाड अडुळसाच आहे ना हे गावातल्या जाणत्याला दाखवून घ्या, पांढरं फूल सिंहाच्या उघड्या जबड्यासारखं दिसतं. आणि पुढच्या तारखेला सगळ्या बाटल्या, पुड्या, गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता, मामांनी पाठवलेल्या पण. थिओफायलिनची खरंच गरज आहे का हेही त्यांना विचारा.

श्वासमात्रा
पिशवीत पंपही टाका, आणि डॉक्टरांसमोर आईला एकदा ओढून दाखवायला सांगा. हिवाळ्याच्या आधी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीचं पण विचारून घ्या, सीओपीडीत दोन्ही घ्यायला सांगतात, चिपळूणला मिळायला हरकत नाही.